विश्लेषण : गाडीचा पंखा फक्त ‘चार’वरच का फिरतो?

जुलैतली संध्याकाळ, ताम्हिणी घाट. बाहेर धो धो पाऊस, गाडीत चार माणसे आणि त्यांचे ओले कपडे. पुढची काच आतून धुरकटायला लागली म्हणून मी ब्लोअरचा खटका एकवर आणला. हवा नाही. दोनवर नाही, तीनवर नाही. चारवर आणला आणि डॅशबोर्डमधून विमान सुटावे तसा आवाज करत हवा आली. काच निवळली, पण पौडपर्यंत गाडीत कोणाला कोणाचे बोलणे ऐकू आले नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये निदान झाले, ‘ब्लोअर मोटर गेली, बदलावी लागेल.’ आकडा काही हजारांचा होता आणि मी जवळजवळ हो म्हणालो होतो. घरी येताना एक साधा प्रश्न डोक्यात आला. मोटर गेली असेल, तर चारवर फिरते कशी?

हा बिघाड इतका नेहमीचा आहे, की वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या गाडीत तो आत्ताही असेल आणि त्यांनी तो ‘चालतंय की’ म्हणून स्वीकारला असेल. दोष बहुतेक वेळा मोटरचा नसतो, तिचा वेग ठरवणाऱ्या तळहाताएवढ्या सुट्या भागाचा असतो. त्याचे नाव ब्लोअर रेझिस्टर. गॅरेजच्या भाषेत नुसता ‘रेझिस्टन्स’. तो बदलणे सोपे आहे. तो का जळला हे न विचारता बदलणे मात्र महागात पडू शकते आणि त्यावर ‘जुगाड’ करणे तर त्याहून.

एक ते चार हे आकडे नेमके करतात काय?

गाडीत एसी असो की हीटर, हवा ढकलणारा पंखा एकच असतो. थंड देशांत त्याला हीटरचा पंखा म्हणतात, आपल्याकडे एसीचा ब्लोअर. बारा व्होल्टवर चालणारी ही साधी कार्बन-ब्रशची मोटर असते आणि तिच्यावर खारीच्या पिंजऱ्यासारखे गोल पाते बसवलेले असते. मोटरला पूर्ण बारा व्होल्ट मिळाले की ती पूर्ण वेगाने फिरते. वेग कमी करायचा तर तिला कमी व्होल्ट मिळाले पाहिजेत.

हाताने खटका फिरवायच्या एसीमध्ये हे काम जुन्याच पद्धतीने होते. मोटरच्या वाटेत तारेची वेटोळी घातलेली असतात. एकवर वीज सगळ्या वेटोळ्यांतून जाते, दोनवर त्यातल्या काहींतून, तीनवर एखाद्याच वेटोळ्यातून. चारवर ती वेटोळी पूर्ण टाळून थेट मोटरकडे जाते. जुन्या घरांत पंख्याचा मोठा, गरम होणारा रेग्युलेटर असायचा, तेच तत्त्व.

चारचा रस्ता रेझिस्टरमधून जातच नाही. म्हणून रेझिस्टर मेला तरी चार जिवंत राहतो. ‘फक्त चारवर चालतो’ हे वाक्य ऐकले की जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन मोटरकडे बघतही नाही, आधी रेझिस्टर काढतो.

लक्षण नीट ऐका, निम्मे निदान तिथेच होते

गाडीची चावी ‘ऑन’ करा आणि खटका एकेका आकड्यावर दहा सेकंद ठेवून ऐका. नेमके काय होते ते लिहून ठेवा. गॅरेजमध्ये ‘एसी नीट चालत नाही’ असे सांगण्यापेक्षा ‘एक-दोन-तीन बंद, चार चालू’ असे सांगितले, तर तुमचे निम्मे पैसे वाचतात.

एक-दोन-तीन एकदम गेले आणि चार चालू असेल, तर रेझिस्टरवरचा थर्मल फ्यूज उडाला असण्याची शक्यता सर्वात जास्त. मधला एखादाच आकडा गेला असेल, तर डॅशबोर्डवरच्या खटक्याच्या आतला तो संपर्क जळला असण्याची शक्यता जास्त. उलट प्रकारही होतो. एक ते तीन व्यवस्थित, पण चारवर शांतता. मग रेझिस्टर निर्दोष आहे. खटका, चारच्या वाटेवरची वायर किंवा काही गाड्यांत त्यासाठी असलेला वेगळा रिले तपासावा लागतो.

काहीच चालत नसेल, तर मात्र यादी लांबते. फ्यूज, ब्लोअरचा रिले, अर्थिंगची वायर, खटका आणि मग खुद्द मोटर. खड्ड्यात आदळल्यावर किंवा डॅशबोर्डखाली थाप मारल्यावर पंखा सुरू होत असेल, तर मोटरचे कार्बन संपत आले आहेत. सकाळी पहिली दोन मिनिटे किंचाळी येऊन मग आवाज थांबत असेल, तर बेअरिंग किंवा बुश. ही लक्षणे मोटरची. त्यात रेझिस्टर बदलून काही उपयोग नाही.

अनेक गाड्यांत ब्लोअर बंद असेल तर एसीचा कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. हवा न फिरता कॉम्प्रेसर चालला तर आतल्या कूलिंग कॉइलवर बर्फ जमेल, म्हणून तशी रचना केलेली असते. परिणामी पंख्याचा बिघाड मालकाला ‘एसी गेला’ असा जाणवतो आणि पुढचे वाक्य ठरलेले असते, ‘गॅस भरून घ्या.’ हवाच येत नसेल, तर गॅस भरून ती येणार नाही. गॅस कमी झाल्यावर हवा येते, फक्त ती थंड नसते. एवढा फरक लक्षात ठेवला तरी एका उन्हाळ्याचा खर्च टळेल.

रेझिस्टर जळतो कशामुळे?

थोडे गणित करू. समजा, एकवर सगळ्या वेटोळ्यांचा मिळून रोध दोन ओहम आहे आणि त्यातून चार अँपिअर वीज वाहते. म्हणजे आठ व्होल्ट वेटोळ्यांतच संपले आणि मोटरला उरलेले चार मिळाले. आठ व्होल्ट गुणिले चार अँपिअर, म्हणजे ३२ वॉट. ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. घरगुती सोल्डरिंगची इस्त्री साधारण २५ वॉटची असते. म्हणजे एसी एकवर ठेवून तुम्ही मुंबई ते कोल्हापूर जाता, तेव्हा डॅशबोर्डच्या आत एक सोल्डरिंगची इस्त्री अखंड तापलेली असते.

ती प्लास्टिक जाळत नाही, कारण रेझिस्टर पंख्याच्याच हवेच्या बोगद्यात बसवलेला असतो. पंखा जी हवा आपल्याला देतो, तीच जाता जाता त्याला गार करते. ही हवा कमी झाली, की रेझिस्टर तापायला लागतो.

आणि ती कमी कशाने होते? सर्वात मोठे कारण चोंदलेला केबिन फिल्टर. आपल्या रस्त्यांवरची धूळ, लग्नसराईतले पार्किंग, कापूस आणि उसाच्या भागातला काडीकचरा यांनी तो ठासून भरतो आणि ‘फिल्टर बदलला’ म्हटले की बहुतेकांना इंजिनाचा एअर फिल्टरच आठवतो. दुसरे कारण वायपरखालच्या जाळीतून आत जाणारी पाने. गाडी गुलमोहराखाली किंवा चिंचेखाली उभी राहत असेल, तर ती बारीक पाने थेट ब्लोअरच्या पात्यात जाऊन बसतात. तिसरे कारण उंदीर. बोनेटखालच्या वायरी कुरतडून झाल्या की पावसाळ्यात त्यांना ब्लोअरचा कोरडा कप्पा घर करायला फार आवडतो.

चौथे कारण खुद्द मोटर. बेअरिंग सुकले, आत पाणी झिरपून दांडा गंजला की मोटर जड फिरते. जड फिरणारी मोटर जास्त वीज ओढते आणि ती जास्तीची वीज रेझिस्टरमधून, कपलरमधून आणि खटक्यामधून जाते. म्हणून अनेकदा रेझिस्टर काढताना त्याचा कपलर तपकिरी पडलेला, एखाद्या पिनेभोवती वितळलेला दिसतो. नवा रेझिस्टर लावून चार-सहा महिन्यांत तोही गेला, तर ‘माल डुप्लिकेट होता’ असे म्हणण्याआधी मोटर हाताने फिरवून बघायला हवी.

मग फ्यूज बॉक्समधला फ्यूज का उडत नाही?

हा या विषयातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो फारसा कोणी विचारत नाही.

वरचेच गणित पुढे नेऊ. समजा, मोटर पूर्ण अडकली आणि तिच्या गुंडाळीचा रोध अर्धा ओहम आहे. खटका एकवर आहे. एकूण रोध अडीच ओहम, म्हणजे वीज वाहील पाच अँपिअरपेक्षाही कमी. ब्लोअरचा फ्यूज बहुतेक गाड्यांत २० ते ४० अँपिअरचा असतो. त्याला यात काही वावगे दिसतच नाही. पण त्या वेळी वेटोळ्यांत सुमारे ४६ वॉट उष्णता तयार होत असते आणि पंखा थांबल्यामुळे ती वाहून नेणारी हवा शून्य. खटका तीनवर असेल तर परिस्थिती आणखी वाईट. त्या वाटेचा रोध अर्धा ओहम धरला तर १२ अँपिअर आणि ७२ वॉट. तरीही फ्यूज शाबूत.

फ्यूज बॉक्समधला फ्यूज वीज मोजतो, उष्णता नाही. म्हणून रेझिस्टरवरच दुसरा पहारेकरी बसवलेला असतो, थर्मल फ्यूज. ठरावीक तापमानापुढे तो आतून वितळतो आणि वाट तोडतो. राइस कुकरमध्येही असाच एक असतो. तो एकदाच उडतो, पुन्हा जुळत नाही. पंखा एक-दोन-तीनवर मेला, तेव्हा बहुधा याने आपले काम केलेले असते.

आणि आपल्याकडचा लाडका उपाय काय? ‘डायरेक्ट करून देतो, शंभर रुपये द्या.’ म्हणजे उडालेल्या थर्मल फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा जोडायचा. पंखा लगेच सगळ्या आकड्यांवर फिरू लागतो, मालक खूश, मेकॅनिक हुशार. फक्त डॅशबोर्डमधल्या त्या तापलेल्या इस्त्रीवरचा एकमेव पहारेकरी आता नाही.

ब्रिटनमध्ये काय घडले होते?

हा धोका कागदावरचा नाही. ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉल कंपनीच्या झफिरा बी या सात आसनी कुटुंबांच्या गाडीला आगी लागण्याचे प्रकार पुढे आले, त्यांच्या केंद्रस्थानी नेमका हाच भाग होता. व्हॉक्सहॉल म्हणजे आपल्याकडे एकेकाळी कोर्सा विकणाऱ्या ओपलचा ब्रिटनमधला भाऊ. आगी लागत होत्या त्या हाताने चालवायच्या एसीच्या किंवा एसी नसलेल्या, फक्त हीटर-पंखा असलेल्या गाड्यांना. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूने धूर, मग ज्वाळा आणि काही मिनिटांत गाडीचा सांगाडा. अनेक गाड्यांत मुले बसलेली होती.

डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने सुमारे २ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या. तेव्हाचे स्पष्टीकरण असे, की रेझिस्टरच्या थर्मल फ्यूजची चुकीची दुरुस्ती केली गेल्याने आगी लागत आहेत. म्हणजे आपल्या भाषेत, कोणीतरी ‘डायरेक्ट’ केले होते. रेझिस्टर बदलून दिले गेले. तरीही आगी थांबल्या नाहीत. मग मे २०१६ मध्ये दुसरे रिकॉल जाहीर झाले आणि त्यात मोटरही आली. आत जाणाऱ्या ओलाव्याने मोटर गंजून जड होत होती, अडकत होती.

ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीने या प्रकरणाची चौकशी केली. एप्रिल २०१७ मधल्या तिच्या अहवालात कंपनीवर ताशेरे होते. पूर्ण तपास सुरू करायला उशीर केला आणि दोष चुकीच्या दुरुस्तीवर ढकलायची घाई केली, असा त्यांचा सूर होता. लोक तो फ्यूज दुरुस्त का करत होते, म्हणजे मुळात तो सारखा उडत का होता, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

नोव्हेंबर २०१७ मध्ये बीएमडब्ल्यूनेही अमेरिकेत २००६ ते २०११ या काळातल्या सुमारे पावणेसात लाख ‘३ सीरिज’ गाड्या परत बोलावल्या. तिथे संशय होता हीटर-एसीच्या ब्लोअरची वायर आणि कपलर तापण्याचा. गाडी किती महाग, यावर हा बिघाड अवलंबून नसतो.

भारतात सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने मिळाला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत कपलर वितळत असतील, तर फक्त मेकॅनिकला सांगून गप्प बसू नये, कंपनीकडे लेखी तक्रार करावी. गाडी वॉरंटीत असेल, तर पुढचे काहीही स्वतः करू नका, थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

स्वतः तपासायचे तर कसे?

एक स्क्रू ड्रायव्हर, आठ-दहा नंबरचे पाने, टॉर्च आणि साधा मल्टीमीटर. एवढे पुरते. गाडी नुकती चालवली असेल तर रेझिस्टर चटका देईल, अर्धा तास थांबा.

आधी केबिन फिल्टर काढा. तो बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, दोन्ही बाजूंचे कान दाबले की बॉक्स खाली येतो. फिल्टर काळा-करडा आणि जड लागत असेल, तर अर्धे उत्तर हातात आले. फिल्टर काढून जागा मोकळी असतानाच टॉर्चने ब्लोअरच्या दिशेला बघा. पाने, पिसे, कागदाचे कपटे दिसतात का?

मग फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघून ब्लोअरचा फ्यूज तपासा. एक ते तीन बंद आणि चार चालू असेल, तर हा फ्यूज ठीकच असणार, ही पायरी सोडली तरी चालेल.

रेझिस्टर बहुतेक वेळा शेजारच्या आसनाच्या पायांपाशी, डॅशबोर्डच्या खाली, हवेच्या काळ्या डब्यावर दोन स्क्रूंनी बसवलेला सापडतो. बाहेरून फक्त चार-पाच वायरींचा कपलर आणि एक चपटी पट्टी दिसते, वेटोळी आत असतात. इथे एक इशारा. या भागात पिवळ्या रंगाचा कपलर दिसला, तर त्याला हात लावू नका. तो एअरबॅगचा असतो. आणि काहीही उघडण्याआधी चावी बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवा.

कपलर काढताना वायर ओढू नका, लॉक दाबून प्लास्टिक धरून काढा. नीट बघा. तपकिरी डाग, वितळलेली कड, हिरवट गंज, जळका वास यांपैकी काही आहे का? मग दोन स्क्रू काढून रेझिस्टर बाहेर घ्या. तुटलेले वेटोळे अनेकदा डोळ्यांनाच दिसते. थर्मल फ्यूज उडालेला मात्र बाहेरून ठणठणीत दिसू शकतो, म्हणून मीटर.

मीटर २०० ओहमवर ठेवा. आधी त्याच्याच दोन पिना एकमेकींना टेकवा. जो अर्धा-पाव ओहम दिसेल तो वायरींचा, पुढच्या आकड्यांतून वजा करायचा. मग रेझिस्टरच्या पिनांच्या जोड्या मोजा. चांगल्या रेझिस्टरमध्ये साधारण अर्ध्या ओहमपासून तीन-चार ओहमपर्यंत चढते आकडे मिळतात. एखादी पिन कुठल्याही जोडीला ‘ओएल’ किंवा डावीकडे नुसता ‘१’ दाखवत असेल, तर तिथली वाट तुटली आहे. नेमके आकडे प्रत्येक गाडीचे वेगळे, पण तुटलेली वाट ओळखायला आकडा पाठ असावा लागत नाही.

रेझिस्टर ठीक निघाला तर मोटरकडे वळा. बॅटरीची तार परत जोडा, चावी ऑन, खटका चारवर आणि मोटरच्या कपलरच्या मागून दोन वायरींच्या मध्ये व्होल्ट मोजा. बारा येत असून मोटर गप्प असेल, तर दोष मोटरचा. बारा येतच नसतील, तर मोटर निर्दोष आहे, मागे खटका-रिले-अर्थिंगकडे जा. मोटर फिरत असेल पण शंका असेल, तर ती किती वीज ओढते ते मोजून घ्या. छोट्या गाडीत चारवर ढोबळमानाने १५ ते २० अँपिअर ठीक, त्याच्या बरेच वर गेले तर मोटर जड झाली आहे. यासाठी लागणारा क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा. बाजारातले स्वस्त क्लॅम्प फक्त घरची एसी वीज मोजतात, गाडीवर लावले की शून्य दाखवतात आणि माणूस उगाच बुचकळ्यात पडतो.

आणि एक साधी चाचणी, मीटरशिवायची. बॅटरीची तार सोडवून पाते बोटाने फिरवा. ते सोडल्यावर दोन-तीन फेऱ्या स्वतःहून घेत असेल तर छान. घासत, अडखळत, लगेच थांबत असेल, तर नवा रेझिस्टर आणला तरी त्याचे आयुष्य आधीच ठरले आहे.

बदलताना काय जपावे?

दुकानात जाताना जुना भाग सोबत न्या. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांत पिनांची जागा बदललेली असते. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर किंवा तुमच्या गावातले सुट्या भागांचे दुकान, कुठेही नेहमीच्या छोट्या गाड्यांचा रेझिस्टर काही शे रुपयांत मिळतो. मोटर मात्र काही हजारांत जाते. रेझिस्टर घेताना पाहायचे एवढेच, की वेटोळ्यांच्या जोडीला थर्मल फ्यूज आहे ना. काही स्वस्त नकलांमध्ये त्या जागी नुसती पट्टी असते. असा भाग फुकट दिला तरी घेऊ नका.

फक्त थर्मल फ्यूज बदलण्याचा मोह होतो, तो रुपयांत मिळतो. पण साधे कथील-शिशाचे सोल्डर १८३ अंशांना वितळते आणि रेझिस्टर त्याच्या आसपास जाऊ शकतो. शिवाय सोल्डर करतानाच्या उष्णतेने नवा फ्यूज तिथेच उडतो. कारखान्यात ही जोडणी सोल्डरने नव्हे, दाबून किंवा वेल्ड करून केलेली असते.

कपलर वितळला असेल, तर तो वायरींसकट मिळणारा नवा लावायचा, त्याच जाडीच्या वायरीचा, नीट क्रिम्प करून. जळक्या कपलरमध्ये नवा रेझिस्टर खोचणे म्हणजे सैल पिनेला पुन्हा तापायला निमंत्रण.

आणखी एक चूक हमखास होते. नवा रेझिस्टर कपलरला जोडून बाहेरच लोंबकळत ठेवतात आणि पंखा लावून बघतात. हवेच्या बाहेर तो काही क्षणांत लाल होतो, सीटचे कापड किंवा बोट भाजतो आणि नवाकोरा थर्मल फ्यूज चाचणीतच उडू शकतो. आधी जागेवर बसवा, दोन्ही स्क्रू आवळा, मग खटका फिरवा.

ऑटोमॅटिक एसी असेल तर?

तापमान आकड्यात लावायच्या एसीमध्ये वेटोळी नसतात. तिथे ट्रान्झिस्टरचे पॉवर मॉड्यूल असते, मागे अ‍ॅल्युमिनियमची कंगव्यासारखी दाते असलेली पट्टी. दोन जाड वायरी आणि एक-दोन बारीक. तो बिघडला की लक्षणे निराळी. पंखा एकतर अजिबात लागत नाही, किंवा सतत पूर्ण वेगाने धावतो, कधी कधी बंद केल्यावरही थांबत नाही. असे झाले तर रात्रीत बॅटरी उतरू शकते, म्हणून तोपर्यंत ब्लोअरचा फ्यूज काढून ठेवणे बरे. ओहम मोजून हे मॉड्यूल तपासता येत नाही. बारीक वायरीवरचा संदेश वेगाबरोबर बदलतो का ते बघावे लागते आणि नव्या गाड्यांत त्यासाठी स्कॅनर लागतो. हे काम एसीच्या जाणकाराकडेच द्यावे. जड मोटर इथेही तितकीच खलनायक आहे.

माझ्या गाडीचे काय झाले?

दुसऱ्या एका इलेक्ट्रिशियनने रेझिस्टर काढला. थर्मल फ्यूज उडालेला, कपलर मात्र स्वच्छ. नवा बसवून निघणार, एवढ्यात त्याने विचारले, ‘फिल्टर कधी बदललाय?’ मला आठवेना. त्याने ग्लोव्ह बॉक्स उतरवला आणि फिल्टर बाहेर ओढला. त्यावर दोन बोटे जाडीचा थर होता, चिंचेची पाने, धूळ आणि मधोमध कुरतडलेल्या कागदाचे घरटे. कागद जुलै महिन्याच्या दूधवाल्याच्या बिलाचा होता, मागच्या वर्षीच्या. मोटर हाताने फिरवली तर ती मोकळी फिरत होती. रेझिस्टर, फिल्टर आणि मजुरी मिळून मोटरच्या सांगितलेल्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी झाले. तेव्हापासून दर पावसाळ्याआधी फिल्टर काढून बघतो आणि गाडी चिंचेखालून हलवली आहे. उंदीर अजून सापडलेला नाही.